फ्लाइट मोड

तापकीर गल्लीत माझं दुकान म्हणजे
दीड माणूस मावेल एवढी फट.
अर्धा माणूस बहुतेक गिऱ्हाईकच,
कारण फोन माझ्या हातात दिला की
उरतं काय त्याचं.

प्रज्योत काळोखे, वडगाव बुद्रुकहून,
पाठीवर जेवणाची चौकोनी पेटी.
म्हणाला, दादा, ॲप अडकतंय,
आकडा उशिरा दाखवतंय,
तेवढ्यात विमान उडून जातं.

कुठलं विमान?
लाल. स्क्रीनवरचं. चढत जातं,
दीडपट, दुप्पट, साडेचारपट,
आणि वाटेल तिथे नाहीसं.
त्याआधी उतरायचं. उतरलास तर पैसे,
नाही तर पेटी उचलायची, पुढची ऑर्डर.
आणि हे दुसरं ॲप, अठराशेला घेतलेलं,
आधीच सांगतं म्हणे, कुठे नाहीसं होणार.

मी म्हटलं, अरे, ज्याला हे ठाऊक आहे
तो तुझ्याकडे अठराशे कशाला मागेल?
तो हसला. हे त्याला कुणीतरी आधीच विचारलेलं होतं.
उत्तरही पाठ होतं :
समाजकार्य आहे त्यांचं.

मग सांगितलं, जमेल तसं.
आकडा ठरतो दूर कुठल्या तरी यंत्रात,
कुलपाआड, तू बोट टेकवायच्या आधी,
आणि शंभरातले त्यांचे त्यांनी कापून घेतल्यावर.
तुझ्या फोनवर येतं ते नुसतं चित्र.
चित्राच्या मागे हात घालून काय मिळणार?
मी रोज काचा काढतो, मला विचार.
मागे गोंद असतो.

आणि मागचे पन्नास आकडे तू लिहून ठेवलेस
बिलांच्या पाठीवर, बारीक अक्षरात,
पण त्यांची एकमेकांशी ओळखच नाही रे.
लकडी पुलावरून एकामागोमाग गेलेली माणसं
म्हणजे वरात नव्हे.

माझा चुलता, भिकूनाना, मंडईत हमाल.
ओपन-क्लोजच्या चौदा वह्या होत्या त्याच्या,
रविवार लाल शाईत.
प्रत्येक पानावर त्याला लाइन सापडायची,
आकडा फुटल्यावर, दुसऱ्या दिवशी.
काकूनं शेवटी रद्दीत घातल्या.
सहा किलो चारशे.
त्या वह्यांतून निघालेला तेवढाच आकडा खरा.

प्रज्योतनं ऐकलं. ऐकणारा मुलगा आहे.
पण काल दोन बरोबर आले, म्हणाला, लागोपाठ.
आणि बाकीचे?
बाकीच्या वेळी नेट स्लो होतं.

तेव्हा मी पिन घेतली,
सिम काढून त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं.
वायफाय बंद. फ्लाइट मोड चालू.
आता हा फोन कुणाशीच बोलत नव्हता,
भविष्याशी राहू दे,
बाजीराव रोडवरच्या टॉवरशीसुद्धा नाही.
दाब, म्हटलं.

त्यानं दाबलं.
हिरवं चक्र फिरलं,
'सर्व्हरशी जोडत आहोत' असं अक्षरांत आलं,
अगदी खरं वाटावं असं,
आणि थांबलं : तीन पॉइंट सत्तेचाळीस.
पुन्हा दाब. एक पॉइंट नऊ.
पुन्हा.
सहा पॉइंट काहीतरी, मी बघितलं नाही,
मी त्याच्याकडे बघत होतो.

शेजारी कुणीतरी स्पीकर तपासत होतं,
हॅलो, एक, दोन, हॅलो, एक, दोन.
तपासायला त्यापुढे जावं लागत नाही.

मला वाटलं, झालं.
चेहरा उतरला होता त्याचा.
सिम बसवून दिलं, पैसे घेतले नाहीत,
आणि मनातल्या मनात थोडा फुगलोही,
एक पोरगा आज आपल्यामुळे वाचला म्हणून.

पेटी पाठीवर चढवताना तो थांबला.
आत कुणाचं तरी जेवण निवत होतं.

दादा, म्हणाला,
तो पहिला कुठला आला होता?
तीन सत्तेचाळीस ना?