मानपत्राचा अर्थ

इटारसी मागे पडल्यावर मामीनं विचारलं,
"काय वाचत होता रे थो मानूस, मन्याबद्दल?"

मी तेव्हा अकरावीत. इंग्रजीत त्रेचाळीस मार्क,
म्हणून तर मला दिल्लीला सोबत नेलेलं.
मांडीवरचा कागद उलगडला, बोट ठेवून वाचू लागलो.

सेकंड लेफ्टनंट मनोहर तुकाराम वरभे, वय तेवीस.
डिसेंबरातली रात्र. पाण्यानं भरलेलं शेत.
पलीकडे बंकर, बंकरात मशीनगन.

"पानी किती होतं?"
छातीइतकं, लिहिलंय.
"बाकळीच्या घोटाभर पान्यात
चपला हातात घेऊन जाये पोट्टं.
बूट वले झाले असतीन त्याचे."

मी पुढे सरकलो.
स्वतःच्या सुरक्षिततेची तमा न बाळगता.
"म्हंजे?"
म्हणजे, जिवाची पर्वा केली नाही.
बोगदा आला. डब्यात काळोख.
काळोखातून तिचा आवाज,
"मंग कोनी केली?"

हे कागदात नव्हतं.

दोन गोळ्या लागूनही मागे जाण्यास नकार,
हे मी सांगितलं.
तिसऱ्याचं मी वाचलं, सांगितलं नाही.
सांगितलं ते एवढंच, की बंकर गप्प झाला,
मागचे एकतीस जण पाणी ओलांडून गेले.
"एकतीस," ती म्हणाली,
आणि बोटांच्या पेरांवर मोजू लागली,
जशी मजुरांची हजेरी मोजायची.

आमला गेलं. समोरच्या बाईनं संत्रं सोलून दिलं,
मामीनं ते तसंच हातात धरलं.

"भेला होता का थो?"

मी कागद पुन्हा चाळला, वरून खाली.
अदम्य, असाधारण, सर्वोच्च परंपरा.
नाही मामी, तसं काही लिहिलेलं नाही.

"भेला असन. अंधाराले लय भेये.
कंदील घेऊन मी उभी राहो, तवा गोठ्यात जाये.
भेला असन, अन् गेला असन.
थे लिहा लागत होतं त्यायनं."

पुलगावला गाडी बदलली.
इथल्याच डेपोच्या फाटकाशी
त्यानं पहिला फौजी पाहिला होता, बापाच्या खांद्यावरून.
आर्वीच्या छोट्या गाडीत जागा नव्हती.
दाराशी पोत्यावर बसलो,
पदक तिच्या कमरेच्या पिशवीत, सुपारीशेजारी.

पुढं गावाच्या तोंडाशी कमान झाली.
पेंटरनं वरभेचं वरंभे केलं.
तिला वाचता येत नव्हतं,
मीही बोललो नाही.

पदक तिनं तुरीच्या बियाण्यात ठेवलं,
राखेत, कडुनिंबाच्या पाल्याखाली.
"बियान्यातलं किडत नाई."
दर पेरणीला डबा सुपात उपडा व्हायचा,
तुरीत चांदीची चांदणी.
पदरानं पुसून, पुढच्या सालापर्यंत
ती पुन्हा रिकाम्या डब्यात.

आता डबा माझ्याकडे.
फीत अर्धी गर्द निळी, अर्धी नारिंगी.
निळ्या बाजूला तीन भोकं.
किड्यांची असतील.