चाळीस तास

कागदगिरणी बंद पडली त्या वर्षी मी सातवीत होते.
आता त्याच शेडमध्ये, जिथे लगदा शिजायचा,
सर्व्हरची कपाटं घुमतात,
आणि बाहेर, फिनलंडच्या या कोपऱ्यात, उणे एकतीस.

बाबा इथे पाळ्यांचा तक्ता लिहायचे, पेन्सिलने.
शाईने लिहिलं की लोक भांडायला येतात, म्हणायचे.
माझा तक्ता स्वतःच स्वतःला लिहितो:
कुणाचं काम कुठल्या सर्व्हरवर, किती वाजता, किती वेळ.
वशिला चालत नाही.
म्हणजे, एक कमांड आहे.
सहा वर्षांत मी ती दोनदा वापरली.

हेल्वी मोइलानेनचं काम तीन दिवस ताटकळलंय.
चौसष्ट सर्व्हर, चाळीस तास.
तिला बघायचंय, एप्रिलमध्ये बर्फ फुटला
की नदी कुणाकुणाच्या अंगणात शिरेल.
एवढी सलग जागा रिकामी होत नाही,
आणि ती होईपर्यंत मधल्या फटींत
किरकोळ कामं येतात, बसतात, आटपून जातात.
कुणाची वीस मिनिटं, कुणाचा तास,
एका विद्यार्थ्याचं तर चार सेकंदांत कोसळलं.

मी फोन केला. खरे किती लागतील?
सहा. सात.
मग चाळीस का?
अपुरे पडले तर?
अपुरे पडले तर तोडतो. वाक्याच्या मध्यावर.
पलीकडे कपात चमचा फिरत राहिला.
यंत्र शब्दावर विश्वास ठेवतं, मी म्हटलं,
घाबरून मागितलेले तासही ते तास म्हणूनच धरतं.

तिने नऊ लिहिले.
पहाटे तीन बाराला फट सापडली,
पंख्यांचा आवाज एकदम चढला.
इथलं गरम पाणी नळांतून खाली गावात जातं;
कुणाच्या तरी न्हाणीघराची फरशी
तेवढी ऊबदार झाली असेल.

दुपारी बारा बाराला तोडलं.
तिची नदी सव्वीस एप्रिलपाशी उभी,
बर्फ अजून अखंड,
पुलाखाली पाणी नुसतंच चढलेलं.

तिचा फोन आला नाही.
संध्याकाळी रांगेच्या शेपटाला एक नवी ओळ:
मोइलानेन, चौसष्ट, चाळीस.

मी ती कमांड अर्धी टाइप केली.
मग पुसली.
बाबांच्या पेन्सिलीला मागे खोडरबर होतं.
ते बहुतेक वेळा चावूनच संपायचं.