तेवढं डोळ्यांखालचं काढा

नाना पेठेत, डोके तालमीच्या अलीकडे,
झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो आठ कॉप्या साठ रुपये,
तिथे मी बसते.
मागे निळा पडदा, समोर डुगडुगणारं स्टूल.
लोक हनुवटी वर करतात, श्वास धरतात,
आणि नंतर पैसे देता देता
आवाज खाली आणून म्हणतात,
तेवढं डोळ्यांखालचं काढा.

तेवढं.
शर्टावर भाताचं शीत पडावं तसं.

मी काढते. गालाची बरी कातडी उचलायची,
डोळ्याखाली लावायची.
परीक्षेच्या चार रात्री जागलेली पोरगी: दोन क्लिक.
खराडीला नाइट शिफ्ट करणारा: तीन.
वैशंपायनबाई स्वतःच सांगतात,
"आमच्या आईच्या आहेत हो ह्या पिशव्या.
पाटल्या थोरलीला गेल्या, मला ह्या."
बाईंना पाच लागतात.

प्रिंट निघेपर्यंत उपाय सुरू होतात.
कच्चा बटाटा किसून. छे, किसून नाही, चकत्या.
फ्रीजमधला चमचा, पालथा.
चहाच्या भिजलेल्या पुड्या,
"पण साखर न घातलेल्या," एक आजोबा बजावतात.
उशा दोन घ्या, रात्रीचा पापड सोडा,
आणि डोळे म्हणून चोळू नका, असं सांगणारा
चष्मा कपाळावर सारून डोळे चोळत असतो.
मी सगळं करून पाहिलंय.
चमच्याने बरं वाटतं. अर्धा तास.
मग शटर वर करायची वेळ होते.

बबन ढमढेरे, पीएमपी, स्वारगेट डेपो.
दर जूनला कसल्या ना कसल्या फॉर्मसाठी येतात.
पहाटे चारची ड्यूटी, झोप पुरत नाही, ते म्हणायचे.
मीही म्हणायचे, झोप पुरत नाही.
यंदा नाव टाइप केलं तर जुन्या फाइली वर आल्या,
न पुसलेल्या.
सहज शेजारी शेजारी लावल्या.
पहिल्या वर्षी डोळ्यांखाली नुसती सावली.
मग सायीसारखी सूज.
मग पापण्याही.
आजच्या फोटोत डोळे शोधावे लागत होते.
आणि प्रत्येकाखाली माझं काम,
गुळगुळीत, चारही वर्षं तोच ताजा माणूस.
तो चेहरा काहीतरी कळवत होता
आणि मी ते खोडून साठ रुपये घेत होते.

काका, पाय सुजतात का?
त्यांनी सँडलकडे पाहिलं.
पट्टा शेवटच्या भोकात होता.
"संध्याकाळी. सँडल आवळतं, जुनं झालंय."
लघवीला फेस येतो का?
ते उठूनच उभे राहिले.
बाईमाणसानं विचारायची गोष्ट का ही?
हे प्रश्न मी ससूनच्या बाकावर शिकले,
दुसऱ्या कुणासाठी, आणि उशिरा.
ते काही त्यांना सांगत बसले नाही.

चारही फोटो, जसेच्या तसे, एका कागदावर छापले.
खाली तारखा घातल्या.
म्हटलं, हे डॉक्टरांना दाखवा. ह्याचे पैसे नकोत.
त्यांनी कागदाची घडी घातली, चौपट, बसच्या तिकिटाएवढी,
आणि विचारलं,
"फॉर्मच्या फोटोतलं मात्र काढलंय ना?"

काढलं होतं.
हात केव्हा गेला, कळलंच नाही.

परवा त्यांच्या मालनबाई आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आल्या.
गोळ्या चालू आहेत, म्हणाल्या,
मीठ तोडलंय, त्यामुळे घरात रोज जेवताना भांडण.
बटाटा मात्र सोडत नाहीत.
दुपारी दोन चकत्या डोळ्यांवर ठेवून पडतात
आणि नातवाला म्हणतात, वाजले किती ते सांगत जा.

ठेवू देत.
गार तर वाटतं.