बोट दोन वाजता

कैरवी दुपारी एक ते तीन झोपते
आणि बोट दोन वाजता सुटते.
सगळा प्रवास इथेच अडलाय.

लोकमान्य नगरात, तिसऱ्या मजल्यावर,
वरणाचा डाग पडलेल्या वहीत
मी रोज रात्री बंगालचा उपसागर आखते :
पोर्ट ब्लेअर दोन रात्री, हॅवलॉक तीन, नील एक.
सुहृद म्हणतो, एका रात्रीसाठी बॅग उघडायची,
वाळू भरायची आणि परत बंद करायची?
मी म्हणते, इतक्या लांब जाऊन दोनच बेटं?
हे भांडण नव्हे.
भांडण मागच्या वर्षी झालं, मांडूला जाताना,
धार येईपर्यंत ती तीनदा ओकली तेव्हा.
टॉवेल कुणी घ्यायचा होता
हे अजून ठरलेलं नाही.

म्हणून यादी.
टॉवेल चार, दोघांच्या बॅगेत दोन-दोन.
मेतकूट. तूप, गळणार नाही अशा बाटलीत.
गुरगुट्या भातापुरता कुकर.
उलटीचं औषध, वजनाप्रमाणे.
वजन किराणावाल्याच्या काट्यावर केलं,
चौदा किलो दोनशे.
तो म्हणाला, "पैक कर दूँ, दीदी?"
कैरवी त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.
तिथे म्हणे पाचलाच अंधार पडतो.
हिला अंधार म्हणजे गोष्ट,
आणि गोष्ट म्हणजे नऊ वाजता.
पाच ते नऊ काय सांगू?

सासरे पेपरातून मान वर न काढता म्हणाले,
समुद्र म्हणजे काय,
मीठ घातलेला यशवंत सागर.
ते एकदाच गेलेत समुद्रावर, ब्याऐंशी साली, वेरावळला.
लाटेत त्यांची चप्पल वाहून गेली.
एकच. उजवी.
डावी त्यांनी इंदूरपर्यंत परत आणली,
असं सासूबाई सांगायच्या,
आणि हसता हसता त्यांना ठसका लागायचा.

खालच्या सोगानी आंटी जिन्यात भेटल्या,
"कहाँ चली, बेटा?"
वर आल्यावर कैरवीने विचारलं,
आई, त्या मला बेट का म्हणतात?
बेट नाही गं, बेटा.
म्हणजे?
म्हणजे बाळ. त्यांच्या बोलीत.
ती शेवटच्या पायरीवर बसली,
उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं,
मागे कठड्यातून खाली बघितलं.
मग माझं पाणी कुठेय?

शनिवारी सागरबाई फरशी पुसून गेल्या
आणि मी ओरडले, पाय ठेवू नकोस, ओलं आहे!
तर ती पाटावर उभी.
पाटावरून पायपुसण्यावर उडी.
पायपुसण्यावरून आजोबांच्या चपलांवर,
तिथून खुर्चीत, थेट त्यांच्या मांडीवर,
पेपराचा चुरगळा करत.
मी मोजलं, चार बेटं झाली.
तिकीट नाही, उलटी नाही.
एक वाजला होता.
ती तिथेच झोपली, त्यांच्या बंडीची गुंडी मुठीत धरून.

पंखा फिरत होता.
कडेकडेने समुद्र वाळत गेला.
टेबलाखाली थोडा उरला होता, तोही गेला.
दोन वाजले. सासऱ्यांच्या पायाला मुंग्या आल्या असाव्यात,
अंगठा हळूच हलवून बघत होते.
मी म्हटलं, देते खाली गादीवर?
त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.
पेपर जमिनीवर पडला होता,
मी तो उचलून त्यांच्यापुढे धरला, वाचता येईल असा,
तर त्यांनी हातानेच सांगितलं, असू दे.
अडीच. पावणेतीन.

रात्री वही उघडली
आणि नील खोडलं.
एका रात्रीचं हॉटेल, एका फेरीचं भाडं
बाजूला लिहून बेरीज केली, परत केली.
सुहृदला हाक मारली. तो आकडा बघत राहिला.
मग पेन घेऊन त्यानेच लिहिलं,
प्रवासी चौथे, वय चौऱ्याहत्तर.

त्यांना अजून विचारलेलं नाही.
नाहीच म्हणतील आधी.
यादीत मेतकुटाच्या खाली मी एक ओळ वाढवली आहे :
चप्पल, आठ नंबर,
मागून पट्टा असलेली.