नमुना क्रमांक अकरा

बाटली एवढीशी, खोकल्याच्या औषधाची असते तशी.
तळाशी वाळलेला तपकिरी चट्टा.
खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं
आणि दोन रात्री उबेत ठेवायची.
पाणी काळं झालं तर पिऊ नये.
चोपड्याच्या प्रशिक्षणात इतकंच शिकवलं.
पुढे काय म्हणायचं, ते नाही.

जेमाबाई पावरा, घर टेकाडाखाली,
पाणी नाल्यातल्या झिऱ्याचं.
वाळूत हातभर खोदलेलं, वर पळसाची पानं.
चव गोड. पहिल्या दिवशी मीही प्यायले,
समोर धरलेल्या तांब्याला नाही कसं म्हणणार.
तिने बाटली चुलीमागे ठेवली, मिठाच्या डब्याला टेकवून,
आणि रात्री दोनदा उठून पाहिली.
हे मला तिची सून म्हणाली.

तिसऱ्या दिवशी काळीपिवळीतून उतरले
तर जेमाबाई वाटेवरच उभी, पदराखाली बाटली.
काळी. तव्याच्या बुडासारखी.
घरात पावरी बोलणारी ती
माझ्यासाठी अहिराणीत आली:
"मंग आम्ही हाईच पिनूत?"
मी मान हलवली.
ती बाटली उन्हात धरून फिरवत राहिली
बाजारात बांगडी पाहावी तशी.
मग, सहज विचारल्यासारखं,
"दोन साल पहिले कोठे व्हती हाई बाटली?"

माझ्या वहीत रकाने आहेत.
कुटुंबप्रमुख, स्रोत, अंतर, शेरा.
दोन वर्षांपूर्वीला रकाना नाही.
सुनेनं एका मांडीवरचं पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं.
आढ्याला झोळीचे दोर दोन जोड होते,
झोळी एक.

पुढचं सगळं अहवालात आहे:
वरच्या अंगाला विहीर, कठडा, जाळीचं झाकण,
क्लोरीनचे थेंब, पाड्यावर एक नळ.
जेमाबाईचं नाव तिथे लाभार्थी क्रमांक अकरा.

अहवालात नाही ती माझी फजिती.
मी बियांची पाकिटं नेली होती, वर रंगीत चित्रं.
पालक शेळीनं खाल्ला, मुळासकट.
गाजरं पोरांनी रोज उपटून पाहिली, किती वाढली म्हणून,
आणि रोज परत खोचली.
गोल वाफ्याचा माझा नकाशा
सुनेनं पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून वापरला.

जेमाबाई तेव्हा काही बोलली नाही.
नळाचं सांडपाणी कुठं मुरतं हे तिने नकाशात नाही पाहिलं.
दुपारी कोंबडी कुठं जाऊन बसते, ते पाहिलं.
आठवडाभर.
मग आढ्याचा वाळका भोपळा खाली उतरवला,
त्यातली राख पाटीत पालथी केली,
आणि राखेतून निघाले गिलके, वाल, लाल आंबाडी
आणि एक काळंशार बी, ज्याला
ना मराठीत नाव सापडलं ना अहिराणीत.
वहीत मी लिहिलं, इतर.

दिवाळीनंतर गेले तर घर दिसेना.
कुडावर, छपरावर, वाळत घातलेल्या चादरीवरसुद्धा गिलक्याचा वेल.
अंगणवाडीची फीत पोराच्या दंडाभोवती गुंडाळली.
पिवळा.
हिरव्याला दोन रेघा कमी.
खोटं कशाला लिहू.
पण पोरानं फीत ओढली, जोरात,
आणि आंबाडीच्या भाजीचा हात माझ्या बाहीला पुसला.

निघताना जेमाबाई जीपपर्यंत आली.
"मन्ही आंडेरना गावले बी ने एक बाटली.
दोन जीवनी शे ती."
लेक दिलेली बोराडीकडे, दोन गाड्या बदलून.
तालुका दुसरा, जिल्हा दुसरा,
माझ्या हद्दीत येतच नाही ते गाव.
मी म्हणाले, पाहते.
ती जीपच्या दांडीवरचा हात काढेना.
ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

पिशवीत तीन बाटल्या उरल्या होत्या.
मी बाहेर काढून मोजल्या
तेवढ्यात तिने खाली गिलकी भरली,
काच काचेला लागू नये म्हणून.