बद्द

नोटीस फळ्यावर लागली तेव्हा
कुणीतरी तिच्या कोपऱ्यात दुधाचा हिशेब केला.
तीस वर्षं उलटली की इमारतीनं
स्वतःला तपासून घ्यायचं, असा कायदा आहे.
गव्हाणपाड्यातल्या ‘स्नेहवर्धिनी’ला
एकेचाळिसावं लागलं होतं.
सेक्रेटरी गोवंडे म्हणाले, मॅडम, लवकर आटपा,
आणि शक्यतो चांगलं लिहा.

माझ्याकडे पाव किलोची हातोडी असते,
दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
मशिनंही आहेत, ती नंतर.
आधी कान.
धड काँक्रीट ठण् म्हणतं.
आतून सुटलेलं बद्द वाजतं,
आई कुंभाराकडचा माठ
बोटाच्या पेरानं वाजवून, काही न बोलता
परत ठेवायची, तसलं.

नकाशात बाल्कनी म्हणून जे आहे
ते आता कुठंच नाही.
एकशे तीनमध्ये तिथं ओटा आणि गॅस.
दोनशे चारमध्ये वॉशिंग मशीन,
कपडे पिळायला लागलं की रेलिंगही थरथरतं.
दोनशे एकमध्ये नीटचा अभ्यास करणारी मुलगी,
कानात बोळे;
मी तिच्या खुर्चीमागे ठोकत राहिले
आणि तिनं पान उलटलं.

तीनशे दोनमध्ये लोखंडी कॉट.
सरकत्या काचा, कबुतरांची जाळी,
खुंटीला बंडी, उशाशी ट्रान्झिस्टर.
पुंडलिक घाडीगावकर, वय एक्क्याऐंशी.
आमचं लग्न झाल्यापासून ते इथंच, सून म्हणाली,
अकरा वर्षं. त्यांनाच मोकळी हवा लागते ना.
तो ‘ना’ जरा लांबला.

मी छताला दोन ठोके दिले.
त्यांनी हात पुढे केला. आणा इकडे.

वाडीबंदरच्या यार्डात चौतीस वर्षं
डब्यांखाली वाकून
चाकांवर हातोडी मारली होती त्यांनी.
हे सुनेनं नंतर सांगितलं.
मला आधीच कळलं होतं काहीतरी,
हातोडी धरली त्यावरून:
सैल, मनगटातून, मारली की लगेच मागे.

कॉटखाली एक लादी सुटी होती.
ती त्यांनी न बघता बाजूला केली,
चपला सरकवाव्यात तशी.
ठण्. बद्द. बद्द.

“ह्यो आवाज माका म्हायती आसा,”
ते लादीशीच बोलले. “चार वर्सां झाली.”

मग बोलला का नाहीत,
हे ओठांवर आलं होतं.
मी मागे वळून घरात पाहिलं:
दिवाण, दिवाणावर नातवाची पुस्तकं,
फ्रिज, देव्हारा, शिलाई मशीन,
त्यांच्यामधून चालायला एक पाऊलवाट.
नाही विचारलं.

आमच्या गणितात दोन भार असतात.
एक डेड: स्लॅबचा स्वतःचा, कायमचा.
दुसरा लाइव्ह: येणारी-जाणारी माणसं, सामान,
चौरस मीटरला इतके किलो, कोष्टकात बघून.
अकरा वर्षं एका जागी झोपणारा माणूस
कुठल्या रकान्यात घालायचा,
कोष्टकात नाही.

त्यांनी हातोडी परत दिली,
दांडा माझ्याकडे करून.
“यार्डात असा डबा आम्ही सोडत नव्हतो.
खडूनं फुली. डबा बाजूला.
स्टेशनमास्तर ओरडू दे, पॅसेंजर ओरडू दे.
खडू आहे ना?”

होता.

मी फुली मारली आणि सुनेला हाक दिली.
ती ओल्या हातांनीच आली.
एक बाजू तिनं धरली, एक मी,
नको म्हणत असताना मधली पट्टी त्यांनी.
कॉटचा पाय उंबऱ्यात अडकला.
खालून गोवंडे विचारत होते, झालं का मॅडम?
ट्रान्झिस्टर उशीवरून घरंगळला आणि
आपोआप सुरू झाला, बाजारभाव सांगू लागला.

आम्ही तिघं त्याच स्लॅबवर उभे,
कॉट अर्धी आत.