माया

कालपर्यंत या टेबलावर कटोरी ब्लाउज आखत होते,
आज ब्राउन पेपर अंथरून
त्याच खडूनं काढतेय स्वयंपाकघर.
दहा बाय साडेआठ.
पश्चिमेला खिडकी नको,
वैशाखात तिथून उजेड येत नाही, चटका येतो.
मागचं दार आहे तिथंच.

जळगावचा मॉड्युलरवाला पोरगा येऊन गेला.
टॅबवर बोट फिरवून
त्यानं माझं घर गरागरा फिरवलं,
पांढरंशुभ्र, कुणी कधीच न जेवलेलं.
मी विचारलं, कळण्याच्या पिठाचा डबा कुठं बसेल?
केवढा आहे, म्हणाला.
मी हात पसरले.
तो माझ्या हातांकडे बघत राहिला,
मग म्हणाला, ओटा चौतीस इंच.
कुणाच्या मापानं?
स्टँडर्ड असतो, मॅडम.

तेहतीस वर्षं झाली अमळनेरात शिवतेय,
स्टँडर्ड बाई अजून दुकानात आलेली नाही.
कस्तुराबाईचा डावा खांदा बोटभर उतरता,
तिच्या दोन बाह्या मी कधीच सारख्या कापल्या नाहीत.
आरशात मात्र सारख्या दिसतात.

पोरगा गेला. चहा अर्धाच प्याला.

आता निंबा मिस्तरी कागदावर वाकलाय,
कानात पेन्सिल, बोटाला सिमेंट.
ताई, हाई काय?
मागच्या दाराशी चार फूट कोरे सोडलेत,
ट्रॉली नाही, फडताळ नाही, टाइलसुद्धा नाही.
आखाजीला इथं खापर चढतं, मी सांगते.
छाया बोरसे येते मांडे करायला,
तिच्या हातांवरच मांडा मोठा होत जातो, कोपरापर्यंत,
मला ते अजून जमलेलं नाही,
माझा दरवर्षी मनगटाशीच फाटतो.
भरिताची वांगीही इथंच,
कपाशीच्या काड्यांवर, गॅसवर नाही.
पण वर्षातले बाकी दिवस? निंबा विचारतो.
बाकी दिवस माया.
शिवणीच्या आत सोडतो ना आपण दोन बोटं,
उद्या अंग भरलं तर उसवून घ्यायला.
निंबानं त्या चौकोनात
पेन्सिलीनं एक बारीक फुली मारली,
म्हणजे त्याला पटलं नाही.

आणि सिंक.
इथं माझा खडू थांबला.

मार्चमध्ये एसटीचा डेपो सुटल्यापासून हे घरी असतात.
दुपारी मी मशीनवर असले की
भांडी घासतात, नळ बारीक सोडून,
गल्लीला आवाज जाऊ नये म्हणून.
मला वाटतं, मलाही जाऊ नये म्हणून.
सहा फूट माणूस, एकतीस इंचांचा ओटा.
मग कमरेवर दोन्ही हात ठेवून
जाळीच्या दाराशी उभे राहतात,
जसं काही बाहेर बघायचंच होतं.

गळ्यातली टेप काढून मी हाक मारली.
उभे राहा. सरळ. हात कोपरातून वाकवा.
यांचे कपडे दगडी दरवाजाजवळचा जेन्ट्स टेलर शिवतो,
लग्नाच्या सफारीपासून त्याच्याचकडे.
अख्ख्या गावाची मापं वहीत आहेत माझ्या,
हे एक नव्हतं.

शर्ट शिवी ऱ्हायनी का?
नई. ओटा.

जमिनीपासून कोपर. टाचेजवळ टेप धरायला
मला खाली बसावं लागलं.
खोटेला भेग पडलीय, तेही तेव्हाच दिसलं.

सिंक सदतीस. भाकरीची जागा एकतीस.
मधे सहा इंचांची पायरी.
असा ओटा कोठे ऱ्हास का ताई, निंबा म्हणाला,
कडाप्पा दोनदा कापना पडी,
लोक हसतीन.
मी वहीचं पान काढलं,
कस्तुराबाईचं, डावी बाही, उजवी बाही.
तो बराच वेळ ते दोन आकडे वाचत राहिला.

एकतीसची रेघ मी एकदा पुसली होती,
बत्तीस करावी का म्हणून,
परत एकतीसवरच ओढली. ती माझी.

टेप गुंडाळून झाली तरी
हे तसेच उभे,
कोपर वाकवलेलं,
तळहात हवेत पालथा,
त्याच्याखाली अजून काहीच नाही.